सांभाळणाऱ्यांची नोंद : गोव्यातील वृद्धसेवा-संशोधनाचा इतिहास

भारतातील वृद्धांच्या सांभाळाविषयी विसाव्या शतकात जे लिहिले गेले, त्यातील बराचसा भाग एका गृहीतकावर उभा होता : वृद्धांना सांभाळणारे घर आपल्याकडे शाबूत आहे, ते आपले काम बिनबोभाट करीत आहे, आणि म्हणून शासनाने किंवा वैद्यकाने त्यात फारसे लक्ष घालण्याचे कारण नाही. हे गृहीतक खोटे पाडण्याचा विडा कोणी उचलला होता असे नव्हे. मात्र १९९८ नंतरच्या दोन दशकांत गोव्यात झालेल्या मोजक्या अभ्यासांनी त्याकडे तपासण्याजोगा प्रश्न म्हणून पाहिले, आणि तपासाअंती जे हाती आले ते पुष्कळच गुंतागुंतीचे होते. म्हातारी माणसे किती आजारी आहेत, या प्रश्नापासून सुरू झालेले हे संशोधन त्यांच्या उशापायथ्याशी असणाऱ्या माणसापर्यंत पोहोचले, आणि बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे घरातली एखादी बाईच होती.

असा अभ्यास गोव्यात व्हावा याला लोकसंख्येचे कारण होते. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण देशात ८.६ टक्के होते, तर गोव्यात ते ११.२ टक्के होते. केरळ वगळता एवढे प्रमाण दुसऱ्या कोणत्याही राज्यात नव्हते. जन्मदर लवकर उतरला आणि आयुर्मान वाढले, हे या वाढीचे एक अंग. पण गोव्याच्या बाबतीत स्थलांतराचा इतिहासही तितकाच जुना आणि खोल आहे. एकोणिसाव्या शतकापासून गोव्यातील तरुण पोटासाठी मुंबई गाठीत होते, आणि धोबीतलाव-माझगाव परिसरात गावागावांच्या नावाने चालणाऱ्या ‘कुडीं’त, म्हणजे गावकऱ्यांनी गावकऱ्यांसाठी चालवलेल्या सामाईक वसतिगृहांत, उतरून ते आगबोटीवरच्या नोकरीची वाट पाहत. तारवटी होऊन दर्यावर गेलेले, पूर्व आफ्रिकेत कारकुनी करणारे, पुढे आखाती देशांत गेलेले आणि अलीकडे पोर्तुगीज पारपत्रावर ब्रिटन गाठणारे, अशा एकामागून एक पिढ्या बाहेर पडत गेल्या. मागे घरात राहिली ती वडीलधारी मंडळी, सुना आणि लहान मुले. पैसा घरी येत राहिला, पण रात्री उठून औषध-पाणी देण्याचे काम मनिऑर्डरने होणारे नव्हते.

ज्यांना घरच नव्हते त्यांच्यासाठी गोव्यात संस्थात्मक सोय बरीच आधीपासून होती, आणि ती पोर्तुगीज वळणाची होती. १४९८ मध्ये लिस्बन येथे स्थापन झालेल्या ‘सांता काझा द मिझेरिकोर्दिया’ या धर्मादाय बंधुसंघाची शाखा सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातच गोव्यात निघाली. रुग्णांची शुश्रूषा, कैद्यांना अन्न, बेवारशांचे दफन, विधवा व अनाथ यांना आसरा अशी कामे हा संघ करीत असे. म्हातारपण हा त्याच्या लेखी वेगळा वर्ग नव्हता, निराधारपणाच्या अनेक रूपांपैकी ते एक होते. पुढे ‘प्रोव्हेदोरिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सार्वजनिक साहाय्य संस्थेकडे अशा मदतीचे काम आले, आणि गोवा मुक्त झाल्यानंतरही तिचे वृद्धाश्रम चालू राहिले. या साऱ्या परंपरेत एक समज सातत्याने दिसतो : संस्था ही घर नसलेल्याची सोय आहे, आणि ज्याला घर आहे त्याचा प्रश्न सुटलेला आहे.

घराच्या आतला व्यवहार मात्र एका निराळ्या दस्तऐवजाने घडत होता. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १८७० मध्ये गोव्यात लागू झाली, आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही कौटुंबिक व वारसाविषयक बाबतींत तिचा अंमल टिकून राहिला. या संहितेनुसार मालमत्तेचा ठरावीक हिस्सा, जो सध्याच्या कायद्यात निम्मा आहे, मुलांसाठी राखून ठेवलेला असतो. त्याला ‘लेजितिमा’ म्हणतात, आणि कायद्यात नेमून दिलेल्या मोजक्या कारणांखेरीज आईबापांना तो मुलांपासून हिरावून घेता येत नाही. उरलेला निम्मा भागच त्यांना मृत्युपत्राने हव्या त्या माणसाला देता येतो. वाटणीच्या वेळी ‘इन्व्हेंटरी’ची प्रक्रिया होते, तीत घर, बागायत आणि शेत यांची यादी होऊन वारस आपसांत बोलीही लावतात. दर्यावर किंवा परदेशी असलेला मुलगा आणि घरी राहून आईचे सर्व काही उरकणारा मुलगा, या दोघांचा लेजितिमावरचा हक्क सारखाच असतो. सांभाळ आणि वारसा यांचे नाते गोव्यात इतर प्रांतांहून अधिक गुंतागुंतीचे असण्याचे हे एक कारण मानता येईल, आणि पुढे संशोधकांना गावोगावच्या गटचर्चांत मालमत्तेचा विषय वारंवार ऐकू आला हे या पार्श्वभूमीवर मुळीच नवलाचे वाटत नाही.

गोव्यातील अभ्यास सुरू होण्यापूर्वी पाश्चात्त्य देशांत सांभाळणाऱ्या माणसाकडे संशोधकांचे लक्ष वळून दोनएक दशके झाली होती. अमेरिकेत १९८० मध्ये स्टीव्हन झरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या २९ काळजीवाहकांना प्रश्न विचारून त्यांच्यावरील ओझे मोजण्याची एक पद्धत मांडली. स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, हा एकच आजार नसून मेंदूच्या ऱ्हासामुळे स्मरण, भाषा, निर्णयशक्ती आणि रोजचे व्यवहार क्रमाक्रमाने ढासळत जाणाऱ्या अनेक विकारांचा समूह आहे, व अल्झायमर हा त्यांतील सर्वांत अधिक आढळणारा विकार होय. झरिट यांच्या प्रश्नावलीत स्वतःसाठी वेळ उरतो का, रुग्णाच्या वागण्याची लाज वाटते का, तब्येत बिघडली का, रुग्ण आपल्यावरच अवलंबून आहे असे वाटते का, अशा स्वरूपाचे प्रश्न असतात. त्या पहिल्या अभ्यासाचा निष्कर्ष अनपेक्षित होता. रुग्णाचा आजार किती वाढला आहे किंवा त्याचे वागणे किती त्रासदायक आहे, यावर काळजीवाहकाला वाटणारे ओझे फारसे अवलंबून नव्हते. ते अवलंबून होते इतर नातेवाईक किती वेळा भेटायला येतात यावर. जिथे येणेजाणे जास्त, तिथे ओझे कमी. त्यावरून मदतीची दिशा ठरत गेली, कारण आजार बरा करता येत नसला तरी एकटेपणा कमी करता येण्याजोगा होता.

भारतात मात्र त्या वेळी पहिला प्रश्नच सुटलेला नव्हता : इथे स्मृतिभ्रंश आहे तरी किती? नव्वदच्या दशकात उत्तर भारतातील बल्लभगढ परिसरात झालेल्या भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासात पासष्ट वर्षांवरील लोकांत हे प्रमाण अवघे १.३६ टक्के आढळले, आणि ते जगातील सर्वांत कमी प्रमाणांपैकी होते. या आकड्यातून, आपल्याकडचे खाणेपिणे आणि कुटुंबव्यवस्था माणसाला या आजारापासून वाचवते, असा सुखावणारा अर्थ काढणे सोपे होते, आणि तो काढलाही गेला. १९९८ मध्ये कोची येथे जमलेल्या संशोधकांनी एक जागतिक गट स्थापन केला, ज्याचे नावच एका विषमतेवरून पडले : जगातील स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी ६६ टक्के विकसनशील देशांत राहतात, पण लोकसंख्येवर आधारित संशोधनापैकी १० टक्क्यांहूनही कमी त्या देशांत होते, म्हणून ‘१०/६६ डिमेन्शिया रिसर्च ग्रुप’. लंडनचे मार्टिन प्रिन्स या गटाचे समन्वयक होते, आणि केरळ, तामिळनाडू व गोवा येथील संशोधक आरंभापासून त्याच्याशी जोडलेले होते.

या गटाच्या २००८ मधील सात देशांच्या पाहणीने कमी आकड्यांचे कोडे बऱ्याच अंशी उलगडले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या प्रचलित निकषांनी मोजले असता ग्रामीण भारतात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ०.३ टक्के इतके नगण्य आले, आणि १०/६६ गटाने घडवलेल्या पद्धतीने मोजले असता एकाही केंद्रात ते ५.६ टक्क्यांखाली आले नाही. एवढा फरक पडण्याचे एक महत्त्वाचे कारण घरातल्या माणसांच्या उत्तरांत होते. प्रचलित निकषांनुसार रुग्णाच्या रोजच्या व्यवहारात बिघाड झाला आहे असे घरच्यांनी सांगावे लागते. पण ज्या घरात आजोबांनी बाजार कधीच सोडलेला आहे, पैसे मुलाच्या हाती आहेत, ताट सून वाढते आणि आंघोळीचे पाणीही तीच काढून ठेवते, तिथे बिघाड दिसणार कुठे? आजाराने जे काम हिरावून घेतले असते ते कुटुंबाने आधीच आपल्याकडे घेतलेले असते. घरच्यांच्या सेवेनेच आजार झाकला जात होता, आणि झाकला गेल्यामुळे सेवाही मोजणीत येत नव्हती. या साऱ्या संशोधनातील सर्वांत मोलाचा उलगडा कोणता असे विचारले तर तो हाच म्हणावा लागेल.

गोव्यापुरती ही गोष्ट त्याआधीच दुसऱ्या वाटेने समोर आली होती. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोजणीवर भर नव्हता. त्यात गटचर्चा होत्या आणि जाणकारांच्या मुलाखती होत्या. स्मृतिभ्रंश व नैराश्य झालेल्या कल्पित वृद्धांची वर्णने लोकांपुढे ठेवली, तेव्हा अशी माणसे आपल्या ओळखीची आहेत हे लोकांनी लगेच सांगितले. मात्र तो आजार आहे असे कोणाला वाटत नव्हते. विसरणे, भरकटणे, जेवूनही जेवलो नाही म्हणणे हे वयानुसार चालायचेच, असा सर्वसाधारण समज होता. साहजिकच असे रुग्ण डॉक्टरांकडे क्वचितच नेले जात, आणि प्राथमिक सेवेतील डॉक्टरांना ते क्वचितच दिसत, तर गावात घरोघरी फिरणाऱ्या आरोग्यसेविका त्यांना चांगल्या ओळखत. नैराश्याचे रुग्ण दवाखान्यात येत, पण त्यांचे निदान क्वचितच होई. दोन्ही अवस्थांचे कारण म्हणून लोक एकाच गोष्टीकडे बोट दाखवीत : मुलांनी केलेली हेळसांड, छळ, मायेचा अभाव.

या समजाचा एक परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. आजार हा आजार न राहता मुलांच्या वागणुकीचा दाखला ठरला, की ज्या घरात म्हातारी असंबद्ध बोलते त्या घराकडे शेजारपाजारचे संशयाने पाहू लागतात. जी सून दिवसरात्र खपते तिच्यावरच, ती सासूला नीट बघत नाही, असा ठपका येतो, आणि सासू स्वतःच ‘मला जेवायला घालत नाहीत’ असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असेल तर तो ठपका पुसणे कठीण होते. मग अशा घरी येणेजाणे कमी होते, म्हणजे झरिट यांना ज्या एका गोष्टीने ओझे हलके होताना दिसले होते तीच नेमकी आटते. पटेल व प्रिन्स यांच्या त्या अभ्यासाने कुटुंबव्यवस्थेच्या भरवशाविषयीही शंका उपस्थित केली : सांभाळ पुष्कळदा मालमत्ता मिळण्याच्या अपेक्षेवर अवलंबून होता, कुटुंबाबाहेर मदतीची सोय जवळजवळ नव्हती, आणि आपण परावलंबी होऊ ही भीती वृद्धांत सर्रास आढळली.

दुखणे कळल्यावर त्यावर काय करता येईल याची चाचणी घेणे, ही पुढची पायरी होती. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी गोव्यातील दोन तालुक्यांत ती घेतली आणि २००८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चाचणीची रीत यादृच्छिक नियंत्रित होती, म्हणजे कोणत्या कुटुंबाला मदत आधी मिळावी हे संशोधकांच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले गेले. एकूण ८१ कुटुंबांपैकी ४१ कुटुंबांना मदत लगेच मिळाली; उरलेल्या ४० कुटुंबांना आजाराची माहिती दिली गेली आणि सहा महिन्यांनी त्यांचीही पाळी यायची होती. मदत करणारी माणसे डॉक्टर किंवा परिचारिका नव्हती. कोकणी येणाऱ्या, उच्च माध्यमिकपर्यंत शिकलेल्या आणि वृद्धांसाठी काम करण्याची ओढ असलेल्या स्थानिक लोकांना सुमारे आठवडाभराचे कसून प्रशिक्षण देऊन ‘गृहसेवा सल्लागार’ म्हणून नेमले गेले, आणि त्यांच्या पाठीशी एक समुपदेशक व एक मनोविकारतज्ज्ञ होते.

सल्लागार निदान पंधरा दिवसांतून एकदा घरी जाई. ठरीव अभ्यासक्रम नव्हता. घराची गरज पाहून मदत कमीअधिक करायची मुभा होती. हा आजार आहे, खोडसाळपणा नव्हे, आणि यात कोणाचा दोष नाही, हे समजावणे हे पहिले काम. मग आंघोळ, कपडे, जेवण, शौच यांत रुग्णाला जेवढे जमते तेवढे त्याच्याकडून कसे करून घ्यावे आणि उरलेले कसे निभवावे, रात्री उठून दाराकडे जाणाऱ्याला वाद न घालता कसे वळवावे, चिडल्यावर समजूत घालत बसण्याऐवजी विषय कसा बदलावा, यासारखी रोजच्या उपयोगाची माहिती दिली जाई. गरज वाटल्यास मनोविकारतज्ज्ञ एकदा तपासून औषध सुचवीत. शासनाच्या योजनांसाठी कुठे अर्ज करावा हे सांगितले जाई, आणि अशाच दुसऱ्या घरांशी गाठ घालून दिली जाई. यात वैद्यकीय चमत्कार काही नव्हता, आणि हेच या आराखड्याचे वैशिष्ट्य होते, कारण जिथे तज्ज्ञच मिळत नाहीत तिथे चालेल अशी पद्धत शोधणे हा मूळ हेतू होता.

सहा महिन्यांनी मोजमाप झाले तेव्हा मदत मिळालेल्या काळजीवाहकांचे मानसिक स्वास्थ्य सुधारलेले दिसले. सामान्य आरोग्य-प्रश्नावलीवरील त्यांचा त्रासाचा गुणांक दुसऱ्या गटाच्या तुलनेत १.१२ ने उतरला, आणि रुग्णाच्या विचित्र वागण्याने होणारा मनस्तापही १.९६ गुणांनी कमी झाला. हे दोन्ही फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरले. झरिट यांच्या मापाने मोजलेले ओझे, रुग्णाची रोजच्या व्यवहारांतील क्षमता आणि त्याच्या वर्तनातील बिघाड यांतही घट किंवा सुधारणा दिसली, पण ती योगायोगाने आली नसेल असे खात्रीने म्हणता येण्याइतकी नव्हती. या सहा महिन्यांत ८१ रुग्णांपैकी १८ जण वारले. मदत मिळालेल्या गटात मृत्यू कमी झाले, मात्र हा फरकही कसोटीच्या अगदी काठावर येऊन अडला, आणि संशोधकांनी त्यावरून मोठा दावा केला नाही. चाचणी छोटी होती, हे खरे. पण अर्ध्या वर्षात पाचांतील एकाहून अधिक रुग्ण दगावणे, यावरून ही कुटुंबे कोणाच्या तरी नजरेला पडेपर्यंत किती उशीर झालेला असावा याचा अंदाज येतो.

१०/६६ गटाने आखलेला, काळजीवाहकांना घरी जाऊन पाच बैठकांत मार्गदर्शन करण्याचा एक आटोपशीर कार्यक्रम पुढे मॉस्को आणि लिमा या शहरांत आजमावला गेला, आणि तिथला निकाल गोव्याच्या नेमका उलट आला. तिथे काळजीवाहकांना जाणवणारे ओझे ठळकपणे उतरले, पण त्यांच्या मानसिक त्रासात फरक पडला नाही. याचे स्पष्टीकरण मापनातील फरकांत आणि लहान नमुन्यांत असू शकते. परंतु दुसरीही एक शक्यता विचारात घेण्याजोगी आहे. आईवडिलांच्या सेवेला ओझे म्हणणे जिथे अशिष्ट समजले जाते, तिथे त्या प्रश्नाचे उत्तर बेतूनच दिले जाईल. झोप लागते का, मन लागते का, डोके दुखते का, यांची उत्तरे मात्र मोकळेपणी मिळतील. गोव्यातील सुनेने झरिट यांच्या प्रश्नावलीला दिलेले उत्तर आणि तिच्या अंगावर दिसणारा थकवा यांत अंतर पडले असेल, तर ते समजण्यासारखे आहे.

गृहसेवेच्या चाचणीतून निघालेला धागा गोव्यात तुटला नाही. डायस व सहकारी यांनी अमेरिकेतील पिट्सबर्गच्या चार्ल्स रेनॉल्ड्स यांच्या साथीने केलेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘दिल’ हा प्रकल्प नैराश्य जडण्याआधीच त्याला अडवता येईल का, हे पाहण्यासाठी होता. उदासीची लक्षणे आहेत पण पूर्ण विकार नाही, अशा साठ वर्षांवरील १८१ व्यक्ती प्राथमिक आरोग्यकेंद्रांतून निवडल्या गेल्या. इथेही काम सामान्य समुपदेशकांनीच केले : रोजच्या अडचणी एकेक करून सोडवायला शिकवणे, झोप सुधारण्याचे सोपे उपाय, मधुमेहासारख्या दुखण्यांत स्वतःची काळजी आणि सामाजिक लाभ मिळवून देण्यात मदत. वर्षभरात मदत मिळालेल्या गटातील ४.४० टक्के लोकांना नैराश्याने गाठले, तर नेहमीच्या सेवेवर राहिलेल्या गटातील १४.४४ टक्के लोकांना. माणसांच्या भाषेत सांगायचे तर ९१ पैकी ४, आणि ९० पैकी १३. वृद्धांचे उदास होणे ही वयाची अटळ देणगी नव्हे, हे एवढ्या साध्या साधनांनी दाखवून देणारे अभ्यास जगात फार नाहीत.

याच काळात कायद्याने वृद्धांच्या प्रश्नाची दखल घेतली, पण ती वेगळ्या दिशेने. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठी संसदेने २००७ मध्ये केलेल्या कायद्याने न्यायाधिकरणे स्थापन केली, दरमहा १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देण्याचा आदेश काढण्याचा अधिकार त्यांना दिला, आणि कलम २३ अन्वये एक महत्त्वाची तरतूद केली : सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येईल. गोव्यातील गटचर्चांत जे कुजबुजीने सांगितले गेले होते, सांभाळ आणि जमीन यांची ती जुनी देवघेव, त्याला या कलमाने कायद्याचे रूप दिले. मात्र संपूर्ण कायदा गृहीत धरतो तो चुकणारा मुलगा; थकलेली सून किंवा नोकरी सोडून घरी बसलेली मुलगी त्याच्या नजरेच्या टप्प्यात नाही. त्यातील ‘मुले’ या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात आहेत, सून नाही. २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकाने सून व जावई यांना त्या व्याख्येत घेण्याचे सुचवले होते. तेही निर्वाहाची जबाबदारी त्यांच्यावर यावी म्हणून. सतरावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा हे विधेयक मंजुरीविनाच व्यपगत झाले.